न कळण्याचे खेळ : हॉरर, पझल आणि गोष्टींचे काही गेम्स आणि माझी मतं

पेटची तयारी करणारे किंवा नुकतीच पीएचडीला ॲडमिशन घेतलेले बरेच जण विचारतात की रिसर्चची मानसिक तयारी कशी करायची. पुस्तकं आणि कोर्सेस सुचवून झाले आहेत, म्हणून आज गेम्सबद्दल लिहितेय.

कारण साधं आहे. बीएस्सी-एमएस्सीपर्यंत आपण ज्या प्रश्नांवर वाढतो, त्यांची उत्तरं कुणाला तरी आधीच माहीत असतात. नेट, सेट, पेट अशा परीक्षांत बहुतेक वेळा चार पर्याय आणि त्यातला एक बरोबर. मग एक दिवस लॅबमध्ये असा प्रश्न हातात येतो ज्याला पर्यायच नाहीत आणि गाईडलाही उत्तर माहीत नाही. पहिल्या वर्षात खचलेले जे लोक मी पाहिले, त्यांचा अभ्यास कच्चा नव्हता. सहा-सहा महिने काहीच कळत नाहीये, तरी रोज उठून काम करायचं, ही सवय त्यांना कुणी लावली नव्हती.

माझं मत असं की हॉरर, पझल आणि गोष्टीवर चालणारे गेम्स ही एकाच कुटुंबातली भावंडं आहेत. तिन्हींमध्ये गेम तुमच्यापासून काहीतरी लपवून ठेवतो. हॉररमध्ये त्या न कळण्याची भीती वाटते, पझलमध्ये डोक्याला खाज सुटते, गोष्टीत ओढ लागते. म्हणून मी अशा गेमला मार्क देताना ग्राफिक्स फारसे बघत नाही. तीन गोष्टी बघते: गेम काय लपवतो, किती वेळ लपवतो, आणि तुमचं उत्तर बरोबर आलं हे तुम्हाला कधी आणि कसं सांगतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक रिव्ह्यूंमध्ये तिच्याबद्दल एक ओळही नसते.

स्पॉयलर कमीत कमी ठेवले आहेत. जिथे टाळता आले नाहीत तिथे आधी सांगितलंय.

भुताला पॉझिटिव्ह कंट्रोल लागतो

फॅस्मोफोबिया हा कायनेटिक गेम्सचा गेम २०२० च्या सप्टेंबरमध्ये आला. जास्तीत जास्त चार जण मिळून खेळता येतो. पछाडलेल्या घरात जायचं, तिथलं भूत कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखायचं आणि जिवंत बाहेर यायचं. भुताला मारायचं नाही, घालवायचंही नाही. नुसतं ओळखायचं. म्हणजे शुद्ध वर्गीकरणाचं काम! यादीत जिन आहे, बॅन्शी आहे, जपानी ओनी आहे. मुंजा आणि हडळ नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोकणातल्या कुठल्याही आजीने यांना पुराव्यांसकट यादी करून दिली असती.

आता यातलं गणित बघा. पुराव्यांचे प्रकार सात: थंडी, बोटांचे ठसे, वहीतलं लिखाण, तरंगणारे ठिपके वगैरे. प्रत्येक भुताच्या वाट्याला त्यातले तीन. सातातून तीन निवडण्याच्या पद्धती ३५, आणि भुतं वीसपेक्षा थोडी जास्त, प्रत्येकाची तिकडी वेगळी. त्यामुळे दोन पुरावे पक्के मिळाले की फार तर पाच शक्यता उरतात. तिसरा पुरावा शोधत बसण्यापेक्षा कोणता पुरावा नाहीच हे ठरवता आलं तर काम लवकर होतं. एलिमिनेशनची ही पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण ती वापरताना एक खड्डा आहे आणि गेमने तो मुद्दाम खणून ठेवलाय.

स्पिरिट बॉक्स नावाचं रेडिओसारखं एक यंत्र असतं. तुम्ही स्वतःच्या मायक्रोफोनमध्ये खरोखर बोलून प्रश्न विचारायचा, आणि भूत उत्तर देतं. उत्तर आलं तर पुरावा मिळाला. नाही आलं तर? खोलीतला दिवा चालू असेल तर उत्तर येत नाही. काही भुतं फक्त एकट्या माणसाशी बोलतात, दोघं जण उभे असाल तर गप्प. तुम्ही भुतापासून लांब असाल तरी गप्प. म्हणजे शांततेचे निदान चार अर्थ झाले, आणि त्यातला एकच अर्थ ‘या भुताकडे हा पुरावा नाही’ असा आहे. आमच्या लॅबमधल्या चौघांच्या टोळीत एक जण आहे, दोनदा उत्तर आलं नाही की लगेच वहीत फुली मारतो. मग पुढची पंधरा मिनिटं आम्ही भलत्याच भुताच्या मागे.

पीसीआर केलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. जेलवर बँड आला नाही. जीन नाहीये की प्रायमर चुकला, की एन्झाइम मेलं, की डीएनएच खराब होता? म्हणून शेजारच्या लेनमध्ये पॉझिटिव्ह कंट्रोल लावतात: जिथे बँड यायलाच हवा असा नमुना. तिथे बँड आला तर एन्झाइम, प्रायमर आणि मशीन नीट चालतायत एवढं कळतं, आणि संशय नमुन्यापुरता उरतो. तो आल्याशिवाय ‘नाही’ या उत्तराला किंमत नसते. स्पिरिट बॉक्ससाठी असा कंट्रोल गेम देत नाही. परिस्थिती बदलून बदलून तुम्हालाच विचारत राहावं लागतं, आणि तेही अंधारात.

अंधारात राहिलं की पात्राची सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल, हळूहळू घसरतो. तो एका पातळीखाली गेला की भूत शिकारीला निघतं. म्हणजे दिवा लावला तर पुरावा मिळत नाही, विझवला तर जीव धोक्यात. माहिती मिळवायला काहीतरी मोजावं लागतं हे इतक्या सरळ शब्दांत सांगणारा दुसरा हॉरर गेम मला माहीत नाही. शिवाय मिमिक नावाचं एक भूत आहे, ते इतरांच्या वागण्याची नक्कल करतं आणि तीनऐवजी चार पुरावे दाखवतं. पुरावे जास्त मिळाले म्हणून खूश होणारी टोळी तिथे बरोबर अडकते.

तोटा असा की वीस-पंचवीस डावांनंतर भीती संपते. भूत समोर येतं आणि तुम्ही ‘अरे, हे तर पटपट चालतंय, नोंद करा’ असं म्हणता. मला हा तोटा वाटत नाही, पण घाबरायलाच आलेल्या माणसाला वाटेल.

एकट्याने घाबरायचे

ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट (२०१०) हा स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा. हातात शस्त्र नाही, फक्त कंदील आणि संपत येणारं तेल. यातली सगळ्यात हुशार गोष्ट अशी की राक्षसाकडे नुसतं बघितलं तरी सॅनिटी घसरते, नजर अंधुक होते. जे घाबरवतंय त्याचं निरीक्षणच करू देत नाही. निरीक्षण नाही तर माहिती नाही, माहिती नाही तर भीती जशीच्या तशी. दुसऱ्यांदा खेळताना मात्र राक्षस कधी येतो आणि कुठे लपायचं हे पाठ झालेलं असतं, आणि उरतो तो दारं उघडण्याचा कंटाळा.

एलियन: आयसोलेशन (२०१४) या बाबतीत वरचढ आहे, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. यातला एलियन चालवणाऱ्या दोन व्यवस्था आहेत. वरच्या व्यवस्थेला तुम्ही कुठे आहात हे कायम माहीत असतं. ती एलियनला फक्त ‘या भागात जा’ एवढं सुचवते, आणि तुमच्यावर फार ताण आला की त्याला थोडा वेळ लांब पाठवते. खालची व्यवस्था म्हणजे प्रत्यक्ष एलियन. त्याला तुमचा पत्ता ठाऊक नसतो. त्याने बघून, आवाज ऐकूनच तुम्हाला शोधायचं. म्हणून तो खोटा वाटत नाही. तुम्ही कपाटात श्वास रोखून बसता, तो समोरून फिरतो, आणि त्याला खरंच माहीत नसतं. ज्याच्याकडे उत्तर आहे आणि जो मोजमाप घेतोय त्यांच्यात भिंत उभी करायची, ही कल्पना औषधांच्या डबल-ब्लाइंड चाचण्यांमध्येही असते. तिथे कुणाला औषध आणि कुणाला नुसती साखरेची गोळी, हे मोजणाऱ्या डॉक्टरला सांगत नाहीत.

बाकी हा गेम फार लांब आहे. अर्ध्यानंतर भीतीची जागा थकवा घेतो. दोन-तृतीयांशावर संपवला असता तर मी सगळ्यांच्या गळी मारला असता.

नियम सापडला असं वाटणं

पझलमध्ये द विटनेस (२०१६) बद्दल लिहायलाच हवं, जरी माझा तो लाडका नाही. जोनाथन ब्लो यांचा हा गेम एका निर्जन बेटावर घडतो. पाचशेहून जास्त कोडी, सगळी एकाच प्रकारची: एका पाटीवरच्या जाळीत सुरुवातीपासून शेवटापर्यंत रेघ ओढायची. नियम कुठेही लिहिलेले नाहीत. सोप्या पाट्यांवरून तुम्हीच ताडायचे.

समजा पाटीवर एक काळा आणि एक पांढरा चौकोन आहे. दोघांच्या मधून रेघ काढली आणि पाटी सुटली. आता नियम काय? ‘रेघ दोघांच्या मधून गेली पाहिजे’? ‘पांढऱ्याला डावीकडून वळसा घातला पाहिजे’? की ‘दोन रंग रेघेच्या दोन बाजूंना राहिले पाहिजेत’? तिन्ही बसतात. पुढच्या दोन पाट्याही तुमच्या चुकीच्या नियमाने सुटू शकतात. मग चौथी पाटी येते आणि तो नियम ठप्प होतो. ब्लो यांनी पाट्यांचा क्रम यासाठीच लावलाय. कमी डेटावर बेतलेलं मॉडेल त्या डेटावर छान चालतं आणि नव्या डेटावर आपटतं, ज्याला आपण ओव्हरफिटिंग म्हणतो, ते हा गेम एकही शब्द न बोलता दाखवतो.

मानसशास्त्रातला पीटर वेसन यांचा १९६० चा प्रयोग इथे आठवतो. लोकांना २, ४, ६ ही मालिका दिली आणि सांगितलं की ही एका नियमात बसते, तो ओळखा. स्वतःच्या मालिका सुचवा, बसतात की नाही ते आम्ही सांगू. बरेच जण ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ अशा मालिका सुचवत गेले, प्रत्येक वेळी ‘बसते’ असं उत्तर आलं, आणि त्यांनी ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असा नियम जाहीर केला. खरा नियम होता: चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे. १, २, ३ विचारून बघितलं असतं तर ‘बसते’ हे उत्तर ऐकून दोन-दोनचा नियम लगेच पडला असता. पण आपण आपला अंदाज खरा ठरवणारेच प्रश्न विचारतो. प्रयोगाचं डिझाइन करताना स्वतःला हा एक प्रश्न विचारून बघा: माझं गृहीतक चुकीचं असेल तर या प्रयोगात ते दिसेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो प्रयोग म्हणजे ८, १०, १२ आहे.

मग लाडका का नाही? कारण हा गेम स्वतःवर फार खूश आहे. बेटावर जागोजागी थोरामोठ्यांच्या वचनांची रेकॉर्डिंग्ज ठेवली आहेत. कोडी स्वतःहून एवढं बोलत असताना त्यांची काय गरज होती? बाबा इज यू (२०१९) मला त्यापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. त्यात ‘भिंत अडवते’ हा नियमच तीन ठोकळ्यांनी लिहिलेला असतो, त्यातला एक ठोकळा ढकलला की भिंत अडवायची थांबते. गंभीर चेहरा न करता गंभीर गोष्ट.

एकदम तीन

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (२०१८) हा लुकास पोप यांचा गेम. १८०७ साल, इंग्लंडमधलं फॉलमाउथ बंदर. हरवलेलं ओब्रा डिन हे व्यापारी जहाज परत येतं आणि त्यावर जिवंत माणूस नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे (हो, तीच) विमा तपासनीस. जहाजावर एकूण ६० माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं ते वहीत भरायचं. हाताशी एक नावांची यादी, काही रेखाटनं, जहाजाचा नकाशा आणि एक जादूचं घड्याळ. प्रेताजवळ ते उघडलं की मरणाआधीचे काही क्षण ऐकू येतात, मग मृत्यूचा क्षण गोठलेल्या चित्रासारखा समोर उभा राहतो आणि त्यात चालत फिरता येतं. सगळं दोनच रंगांत, जुन्या मॅकच्या पडद्यासारखं.

फारसं कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. तुम्हाला उच्चारांवरून, टोपीवरून, झोपायच्या झोळीवरच्या नंबरावरून, कोण कुणाजवळ बसलाय यावरून ओळख पटवायची. चिनी आणि भारतीय खलाशीही आहेत, आणि त्यांना ओळखायला लागतं तेवढं निरखणं इतर कुणासाठी लागत नाही.

पण या गेमचा खरा दागिना म्हणजे उत्तर तपासण्याची पद्धत. एकेक उत्तर बरोबर की चूक हे तो सांगत नाही. तुमची तीन उत्तरं पूर्ण बरोबर झाली की तिन्ही एकदम पक्की होतात. का? समजा एका माणसासाठी चार नावं शक्य आहेत. एकेकाची तपासणी असती तर चार प्रयत्नांत काम झालं असतं, विचार न करता. तीन माणसं, प्रत्येकाला चार शक्यता, आणि निकाल एकदम तिघांचा, म्हणजे ४×४×४ = ६४ जोडण्या. तुक्का मारणं इतकं महाग करून ठेवलंय की विचार करणं स्वस्त पडतं. दोन पक्की उत्तरं हाताशी ठेवून तिसऱ्यावर तुक्के मारणारे महाभाग असतातच, पण तेवढी सूट मी देते.

संशोधनात हेच उलट्या बाजूने होतं. एका डेटावर वीस वेगवेगळ्या चाचण्या चालवल्या, प्रत्यक्षात कशातच काही नाही, आणि प्रत्येकीत चुकून ‘सिग्निफिकंट’ येण्याची शक्यता ५ टक्के असली, तर वीसपैकी निदान एकीत तसं येण्याची शक्यता १ वजा ०.९५ चा विसावा घात, म्हणजे साधारण ६४ टक्के होते (चाचण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरून). ती एक चाचणी उचलून पेपर लिहिणं म्हणजे तुक्क्याला निकाल म्हणणं. बॉनफेरोनी करेक्शन वगैरे उपाय यासाठीच असतात: तपासण्या वाढल्या की प्रत्येकीची कसोटी कडक करायची. पोप यांनी ते वहीच्या पानात बसवलंय.

तक्रार एकच. जुनी आठवण परत बघायची तर वहीतून थेट उडी मारता येत नाही, त्या प्रेतापर्यंत चालत जावं लागतं. शेवटच्या दहा-बारा माणसांसाठी जिने चढून-उतरून जीव जातो.

सर्चच्या खिडकीतली बाई

हर स्टोरी (२०१५) हा सॅम बार्लो यांचा. समोर एक जुना पोलिसी कॉम्प्युटर, त्यात १९९४ सालच्या चौकशीच्या व्हिडिओंचे तुकडे. एका बाईचा नवरा बेपत्ता झालाय आणि ती बोलते आहे. तुम्ही सर्चमध्ये शब्द टाकायचा, तो शब्द ज्या तुकड्यांत ती बोलली ते दिसतात, पण फक्त पहिले पाच. सतरा तुकडे सापडले तरी बघता येणार पाचच. त्यामुळे उरलेल्या बारांपर्यंत पोचायला नेमका शब्द हवा, आणि तो शब्द तुम्हाला आधीच्या तुकड्यांतूनच मिळणार.

लिटरेचर सर्चसाठी यापेक्षा चांगलं प्रशिक्षण मला सुचत नाही. अँटिबायोटिक देऊनही काही जिवाणू निपचित पडून वाचतात. त्यावर ‘पर्सिस्टर’ या नावाने एक मोठं साहित्य आहे. ‘व्हायेबल बट नॉन-कल्चरेबल’ म्हणजे जिवंत पण प्लेटवर न वाढणारे, या नावाने दुसरं. दोन्हींचे प्रश्न एकमेकांत पुष्कळ मिसळलेले आहेत, पण एकच शब्द टाकणाऱ्याला दुसरं घर दिसतच नाही. त्यामुळे नवा विषय घेतला की पहिला आठवडा पेपर जमवण्यापेक्षा शब्द जमवण्यात घालवा. कोण कशाला काय म्हणतं याची वहीत एक यादी करा.

आणि शेवटी हा गेम तुम्हाला सांगत नाही की तुमचा अंदाज बरोबर होता. हे अनेकांना आवडत नाही. त्या बाईबद्दल दोन अगदी वेगळे निष्कर्ष काढणारे लोक एकाच हॉस्टेलच्या मेसमध्ये भांडताना मी पाहिले आहेत, आणि दोघांकडे तुकडे तेच होते. मला ही गोष्ट या गेमची सगळ्यात प्रामाणिक बाजू वाटते.

फायरवॉच (२०१६) वर लोक चिडतात ते जवळपास याच कारणाने. (थोडा स्पॉयलर, नको असेल तर पुढच्या परिच्छेदावर जा.) १९८९ साली वायोमिंगच्या जंगलात हेन्री नावाचा माणूस वणव्यावर नजर ठेवायला टेहळणी मनोऱ्यात राहतो, आणि वॉकी-टॉकीवर डिलायला नावाच्या बाईशी बोलतो. विचित्र घटना घडत जातात. दोघं मिळून त्यातून एक मोठं कारस्थान विणतात, आणि खेळणाराही विणतो. शेवटी खरं कारण खूपच लहान, खूपच माणसासारखं निघतं. ‘एवढंच?’ म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पण तीन वर्षांच्या कामानंतर ज्याचा परिणाम शून्य निघालाय, त्याला हा ‘एवढंच?’ किती खोल लागतो ते विचारा. तो निकाल खोटा नसतो, फक्त आपण रंगवलेल्या निकालाएवढा मोठा नसतो. आणि जर्नल्सनाही ‘एवढंच’ छापायला फारसं आवडत नाही, त्यामुळे तोच शून्य पुढचा विद्यार्थी पुन्हा तीन वर्षं घालवून शोधतो.

सोमा (२०१५) हाही फ्रिक्शनलचाच, पण ॲम्नेशियापेक्षा कितीतरी मोठा. समुद्राच्या तळाशी एक संशोधन केंद्र आहे, आणि प्रश्न असा की मेंदूची हुबेहूब नक्कल केली तर ‘मी’ कुठे असतो. राक्षस यात उगाच आहेत. कंपनीलाही तसं वाटलं असावं, कारण २०१७ मध्ये त्यांनी सेफ मोड आणला, ज्यात राक्षस दिसतात पण मारत नाहीत. मी तोच सुचवेन. या गेमची भीती मागून येणाऱ्या पावलांत नाही, एका खुर्चीत बसल्यावर काय होतं यात आहे. एवढ्यावर थांबते.

बावीस मिनिटं

आउटर वाइल्ड्स (२०१९) मी सगळ्यांच्या वर ठेवते. ॲलेक्स बीचम यांच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातल्या मास्टर्सच्या थिसिसपासून तो सुरू झाला, हे कळल्यावर आमच्या लॅबमध्ये जरा वेळ शांतता पसरली होती. तुम्ही एका छोट्या सूर्यमालेतले अंतराळवीर आहात. लाकडी ठिगळं लावलेलं यान घेऊन हवं तिथे जा. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळे मरतात, आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीच्या शेकोटीपाशी जागे होता. का, ते शोधायचं.

यात लेव्हल वाढत नाही, नवं हत्यार मिळत नाही, यान सुधारत नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाते ती फक्त माहिती: तुमच्या डोक्यातली आणि यानातल्या नोंदवहीतली. माहीत असेल तर पहिल्या बावीस मिनिटांतही हा गेम पूर्ण करता येतो. माहीत नसतं, म्हणून वीसेक तास लागतात. ती नोंदवही बघण्यासारखी आहे. सापडलेल्या गोष्टी ठिपक्यांनी दाखवलेल्या, त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि अर्धवट राहिलेल्या जागेवर ‘इथे अजून काहीतरी आहे’ अशी खूण. माझ्या लॅब नोटबुकमध्ये आता मीही अशी खूण करते, नारिंगी पेनाने.

सुरुवातीला सगळे जण यान घेऊन भटकतात, एका फेरीत चार ग्रह बघायचा प्रयत्न करतात, काहीच हाती लागत नाही. हळूहळू वागणं बदलतं. एका फेरीला एक प्रश्न. ‘या वेळी फक्त तो मनोरा, वाळू वर येण्याआधी.’ बावीस मिनिटांत उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न आधीपेक्षा धारदार होतो. हे कुणी शिकवत नाही, मरून मरून कळतं.

एका चंद्राबद्दल मात्र विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून कुरकुर करते. तो बघत असताना जागेवर राहतो, नजर हटली की दुसरीकडे जातो, आणि गेम याला क्वांटम म्हणतो. पुंजभौतिकीत ‘बघणं’ म्हणजे डोळ्याने बघणं नाही. मोजमाप करताना कणाशी काहीतरी परस्परक्रिया घडते, तिथे माणूस हजर असण्याची गरज नसते. गेम म्हणून कल्पना सुरेख आहे, पण मुलाखतीत हे उदाहरण देऊ नका.

आता मोठा स्पॉयलर. खेळायचं ठरवलं असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

या सूर्यमालेत एक काटेरी, धुक्याने भरलेली जागा आहे. आत मंद दिवे दिसतात, तुम्ही त्या दिशेने जाता, आणि दिवा लटकवलेला अवाढव्य अँगलरफिश यानासकट गिळून टाकतो. पहिल्यांदा हे होतं तेव्हा हॉरर गेमच्या तोंडात मारेल अशी किंकाळी निघते. तुम्ही ठरवता की तिथे परत जायचं नाही. मग कधीतरी, दुसऱ्याच ग्रहावरच्या एका गुहेत, तसल्याच माशाचा जीवाश्म सापडतो. फार पूर्वी तिथे राहणाऱ्या लोकांची मुलं त्याच्याभोवती एक खेळ खेळत, त्याचे नियम भिंतीवर लिहिलेले आहेत. जो मासा होईल त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, कारण हे मासे आंधळे असतात. आपली आंधळी कोशिंबीर! एवढं वाचलं आणि अख्खं भूगोल बदलतं. मासे बघत नाहीत, ऐकतात. इंजिन बंद करून, मिळालेल्या वेगावर नुसतं तरंगत गेलं तर त्यांच्या जबड्यांसमोरून पार होता येतं.

तरी भीती जात नाही, हे मला या गेममधलं सगळ्यात खरं वाटतं. माहीत असूनही हात बटणावरून उचलून, समोर तो दात विचकलेला मासा मोठा-मोठा होत असताना काहीही न करता बसणं फार अवघड आहे. फॅस्मोफोबियात माहितीने भीती संपवली होती. इथे भीती तिथेच आहे, फक्त आता तिच्यासकट पुढे जाता येतं.

व्यवहाराचं थोडं. हर स्टोरी आणि ओब्रा डिन साध्या लॅपटॉपवर चालतात. आउटर वाइल्ड्सला जरा बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, एलियन आणि फॅस्मोफोबियाला हेडफोन हवेतच. सेलमध्ये हे सगळे निम्म्या किमतीत किंवा त्याहून स्वस्त मिळतात, थांबा. अडकलात तर वॉकथ्रू उघडण्याआधी एक दिवस जाऊ द्या, आणि तरीही नाही जमलं तर आधी खेळून झालेल्या एखाद्या मित्राला विचारा, पण उत्तर विचारू नका, ‘मी कुठल्या बाजूला बघायला हवं’ एवढंच विचारा. ओब्रा डिन, हर स्टोरी आणि आउटर वाइल्ड्स पहिल्यांदा म्हणून एकदाच खेळता येतात. आउटर वाइल्ड्सचं तर नावही यूट्यूबवर शोधू नका, व्हिडिओंच्या चित्रांतच अर्धी उत्तरं असतात.